गिअर पडत नाही? आधी पेचकस खाली ठेवा

सायकलचा गिअर नीट पडेनासा झाला की हात सगळ्यात आधी पेचकसाकडे जातो. मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागावर, दोन छोटे स्क्रू असतात, शेजारी एच आणि एल ही अक्षरं असतात (एच लहान चक्राकडची हद्द ठरवतो, एल मोठ्या चक्राकडची), आणि ते थोडे फिरवले की काम होईल असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिली गिअरची सायकल घेतली त्या वर्षी मी ते दोन्ही स्क्रू अंदाजाने फिरवले, घरासमोर एक चक्कर मारली, बरं वाटलं, आणि रविवारी कात्रजचा जुना घाट चढायला निघालो. निम्म्या चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला, तशी चेन शेवटच्या चक्राच्या पलीकडे घसरली, डिरेलर स्पोकमध्ये घुसला आणि कडाड्कन हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा, तुटला. सायकल टेम्पोत घालून घरी आणली. मूळ दुखणं त्या स्क्रूंमध्ये नव्हतंच. केबलच्या आउटरमध्ये, म्हणजे तिच्यावरच्या नळीत, पावसाळ्यातला चिखल वाळून बसला होता.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो: आधी बघायचं, मग पुसायचं, मग केबल, आणि स्क्रू सगळ्यात शेवटी. खाली तोच क्रम दिला आहे. नमुना म्हणून आपल्याकडे घरोघरी दिसणारी २१ गिअरची सायकल धरली आहे, म्हणजे पुढे तीन चक्रं, मागे सात. आठ-नऊ गिअरवालीलाही हेच लागू पडतं, फक्त हात जरा हलका ठेवावा लागतो. इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग किंवा मागच्या हबच्या पोटात गिअर असलेल्या सायकली यात धरलेल्या नाहीत.

हे चालतं कसं

मागच्या डिरेलरमध्ये एक स्प्रिंग असते. ती त्याला कायम बाहेर, म्हणजे सगळ्यात लहान चक्राकडे ढकलत असते. केबल त्याला आत, मोठ्या चक्राकडे ओढते. ही सगळी दोघांची रस्सीखेच आहे. उजव्या हाताचा शिफ्टर, म्हणजे हँडलवरची गिअर बदलायची कळ, एकदा ‘टक’ करतो तेव्हा केबल ठरावीक अंतर ओढली जाते, जेमतेम तीन मिलिमीटर, आणि डिरेलर एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकतो. मागे सात चक्रं असतील तर शेजारच्या दोन चक्रांमधलं अंतर पाच मिलिमीटर असतं. केबल एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी चेन कुरकुरते ती यामुळे.

पूर्वी शिफ्टरला टक नसायची. दांडी अंदाजाने सरकवायची आणि चेन बसल्याचं कानाने ओळखायचं. शिमानो या जपानी कंपनीने १९८४ साली ड्युरा-एस या आपल्या वरच्या श्रेणीत टक-टकवाली एसआयएस पद्धत आणली, आणि ती पुढे साध्या सायकलींपर्यंत उतरली. सोय झाली खरी, पण पूर्वी चालवणारा हातानेच चूक भरून काढायचा, आता तो नेमकेपणा केबलच्या ताणात आधीच बसवून ठेवावा लागतो.

हत्यारं आणि सायकल टांगायची जागा

५ मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी टोकाची), फुलीचा पेचकस, एक पक्कड, जुना दात घासायचा ब्रश, चिंध्या आणि चेनचं तेल. काही साध्या डिरेलरवर केबलच्या बोल्टला ९ नंबरचा पाना लागतो. बस.

मागचं चाक हवेत पाहिजे, कारण पेडल फिरवल्याशिवाय गिअर बदलत नाही. स्टँड विकत घ्यायची गरज नाही. घरात झोपाळ्याच्या कड्या असतील तर दोरी ओवून सीट त्यात अडकवा, याहून उत्तम स्टँड नाही. झोपाळा नसेल तर खिडकीचा गज चालेल, फक्त भिंतीला तेलाचे डाग पडले तर बोलणी कोणाला बसतील ते आधीच ठरवा. सायकल उलटी करून काम होतं, पण नवख्या माणसाने शक्यतो टाळावं. डावं-उजवं, वर-खाली सगळं उलटं दिसतं आणि शिफ्टर जमिनीवर दाबले जातात.

आधी नुसतं बघा

पहिलं, मागचं चाक. पंक्चर काढून चाक परत बसवलं आणि दुसऱ्या दिवसापासून गिअर बिघडला, असं असेल तर दहापैकी आठ वेळा चाकच तिरकं बसलेलं असतं. नट सैल करा, सायकल सरळ उभी करून एक्सल खाचेत पूर्ण टेकू द्या, पुन्हा आवळा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

दुसरं, हँगर. डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो हँगर. सायकलच्या मागे उकिडवे बसा आणि डिरेलरच्या दोन पुली बघा. चेन मधल्या चक्रावर असताना वरची पुली, खालची पुली आणि ते चक्र एका उभ्या रेषेत दिसायला हवं. खालची पुली आत, स्पोककडे झुकलेली दिसली तर हँगर वाकला आहे. सायकल उजव्या अंगावर पडली, एसटीच्या टपावर किंवा ट्रॅव्हल्सच्या डिकीत इतर सामानाखाली दबली की हे होतं. वाकलेल्या हँगरवर कितीही ट्यूनिंग करा, तीन गिअर जमतील आणि चार बिघडतील. हे घरी पक्कड लावून सरळ करू नका. त्याचं मोजमाप करायचं लांब दांडीचं हत्यार चांगल्या सायकल दुकानात असतं. ॲल्युमिनियमचा हँगर एकदा सरळ करून घेतला तरी तो कमकुवत होतोच, म्हणून आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर आणून ठेवा. प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा असतो, दुकानात जाताना जुना बरोबर न्यायचा. साध्या सायकलींमध्ये डिरेलर पोलादी पट्टीसकट एक्सलला आवळलेला असतो. तिथे पट्टी हलली आहे का ते बघा.

तिसरं, चेन. चेनच्या एका खिळ्यापासून पुढच्या खिळ्यापर्यंत अर्धा इंच असतो, म्हणून २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. पोलादी पट्टीचा शून्य एका खिळ्याच्या मध्यावर ठेवा आणि चोविसाव्या कडीनंतरचा खिळा कुठे येतो ते वाचा. नव्या चेनवर तो १२ इंचांच्या खुणेवर येईल. एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश इंच पुढे असेल तर तिने मागची चक्रंही खाल्ली आहेत असं धरा, कारण त्यांच्यावर नवी चेन टाकली की जोर लावताच ती दात सोडून उडते. लोक याला ‘गिअर स्लिप होतो’ म्हणतात आणि केबल आवळत बसतात. केबलचा तिथे काही संबंध नसतो.

चेन जोर न लावताही ठरावीक वेळाने एकदा टुणकन उडत असेल तर एखादी कडी जाम झालेली असते. पेडल हळूहळू उलटं फिरवा. खालच्या पुलीवरून जाताना एक कडी सरळ न होता कोपरा काढून जाईल. तिथे तेलाचा थेंब टाकून दोन्ही अंगठ्यांनी ती आडवी, डावी-उजवी हलवा. मोकळी होते.

पुसा, मग तेल

चेन, पुली आणि चक्रांच्या मधली काळी पेस्ट ब्रशने आणि रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने काढा. पूर्ण वाळू द्या. मग चेनच्या प्रत्येक रोलरवर एकेक थेंब, पेडल वीसेक वेळा उलटं फिरवायचं आणि वरवरचं तेल पुसून टाकायचं. पुसणं महत्त्वाचं आहे, ओल्या चेनवर रस्त्यावरची धूळ बसते आणि आठवड्यात पुन्हा तीच पेस्ट तयार. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल तेल घालणारे पुष्कळ आहेत. जानेवारीत पहाटे बाहेर पडून बघा, ते गोठून चेन आणि केबल दोन्ही जड झालेल्या असतात. शिवणयंत्राचं तेल त्यापेक्षा बरं, पण लवकर उडतं.

दोन्ही दिशांची परीक्षा

आता खरं निदान. पेडल हाताने फिरवत राहा आणि गिअर ७ वरून १ पर्यंत एकेक करून हलका करा, मग उलटं, १ वरून ७ कडे. कुठल्या दिशेला अडखळतो ते लिहून ठेवा. हो, कागदावर.

हलका करताना, म्हणजे मोठ्या चक्रावर चढताना चेन टाळाटाळ करते, पण उतरताना झटकन उतरते? केबल सैल आहे. सगळ्यात सोपा आजार.

चढताना झटकन चढते, कधी एकदम दोन चक्रं चढते, पण उतरताना अडते? केबल जास्त ताणलेली आहे, किंवा आउटरच्या आत घासते आहे. या दोघांत फरक ओळखता आला की निम्मी विद्या आली. केबल थोडी सैल करून बघा (कशी ते खाली ‘आता ट्यूनिंग’मध्ये आहे). उतरणं सुधारलं आणि चढणंही शाबूत राहिलं, तर प्रश्न ताणाचाच होता. उतरणं सुधारलं पण आता चढणं बिघडलं, पुन्हा ताणलं की पुन्हा उतरणं बिघडलं, असा लपंडाव सुरू झाला तर केबल आत घासते आहे. कारण साधं आहे. गिअर हलका करताना केबल ओढायला तुमचा अंगठा असतो, तो घर्षणाला जुमानत नाही. जड करताना मात्र एकट्या स्प्रिंगला ती केबल परत ओढायची असते. चिखल, गंज, चेमटलेला आउटर हे सगळं तिला अडवतं. अशा वेळी कितीही फिरवाफिरवी केली तरी दोन्ही दिशा एकदम जुळणार नाहीत.

केबल साफ करणं, नाहीतर बदलणं

फ्रेमवर आउटरचे तुकडे ज्या खोबणीत बसतात ती खोबण एका बाजूने चिरलेली असेल तर एक छान युक्ती आहे. चेन सगळ्यात मोठ्या चक्रावर न्या. पेडल थांबवा. आता पेडल न फिरवता शिफ्टर ७ पर्यंत सोडून द्या. चेन जागेवर राहते, केबल मात्र सैल पडते, आणि आउटर खोबणीतून हाताने बाहेर निघतो. तो केबलवर पुढे-मागे सरकवा, उघडी पडलेली केबल चिंधीने पुसा, पातळ तेलाचं बोट फिरवा आणि परत बसवा. दोन बोटांनी सहज सरकायला हवा. डिरेलरच्या मागचा शेवटचा वळणदार तुकडा सगळ्यात घाण असतो, कारण चाकाने उडवलेला चिखल थेट त्याच्यावर येतो. कोकणात चिखलापेक्षा खारा वारा त्रास देतो. तिथे केबल आतून गंजते आणि बाहेरून काही कळत नाही.

सरकत नसेल, गंज दिसत असेल, किंवा शिफ्टरजवळ केबलची एखादी तार तुटून बाहेर आली असेल तर बदला. तार तुटलेली केबल आणखी थोडे दिवस चालवू नका. ती शिफ्टरच्या आत तुटली की तिचं डोकं काढायला अख्खी दुपार जाते.

दुकानात नेमकं काय मागायचं? गिअरची इनर केबल १.२ मिलिमीटर जाडीची आणि गिअरचा आउटर, साधारण ४ मिलिमीटरचा. ब्रेकचा आउटर त्याहून जाड, ५ मिलिमीटरचा असतो आणि घाईत तोच हातात दिला जातो. फरक जाडीपुरता नाही. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ती दाबली की किंचित आखडते. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने उभ्या असतात, म्हणून तो आखडत नाही. तीन मिलिमीटरच्या खेळात तो किंचितपणासुद्धा महाग पडतो. उलट चूक तर करूच नका. गिअरचा आउटर ब्रेकला लावला तर जोरात ब्रेक दाबल्यावर तो फाटू शकतो.

आउटर जुन्याच्या लांबीचा कापा. पकडीने चेपून कापला तर आतली प्लॅस्टिकची नळी बुजते, ती दाभणाने उघडायची. टोकांना टोप्या लावायच्या. जुनी केबल सोडण्याआधी ती डिरेलरच्या बोल्टखाली कुठल्या खाचेतून गेली आहे याचा मोबाइलवर फोटो काढा. चुकीच्या बाजूने आवळली तर गिअर कधीच जुळत नाही, आणि हे इतकं साधं कारण कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या आलं नव्हतं.

आता ट्यूनिंग

केबल स्वच्छ असेल आणि फक्त ताण चुकला असेल तर एवढंच करा: डिरेलरमध्ये केबल शिरते तिथे हाताने फिरणारी एक गुंडी असते, ॲडजस्टर. सायकलच्या मागून बघत ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवली की केबल ताणली जाते, सुलट फिरवली की सैल होते. एका वेळी पाव फेरा. पूर्ण फेऱ्यात केबल एक मिलिमीटरहूनही कमी सरकते, पण वर हिशेब दिलाच आहे, तेवढंही पुष्कळ असतं. चढत नसेल तर उलट पाव फेरा, उतरत नसेल तर सुलट पाव फेरा, मग गिअर बदलून बघा. चिमटीतल्या मिठासारखं, घालता येतं पण काढायला वेळ लागतो.

नवी केबल टाकली असेल किंवा आधी कोणी स्क्रूंशी खेळलं असेल (तो कोणी बहुतेक आपणच असतो), तर पहिल्यापासून बसवा:

१. शिफ्टर ७ वर, पुढची चेन मोठ्या चक्रावर. केबलचा बोल्ट सोडा. डिरेलर आता फक्त स्प्रिंगच्या भरवशावर आहे.

२. मागून बघत एच स्क्रू असा ठेवा की वरची पुली सगळ्यात लहान चक्राच्या बाहेरच्या कडेखाली येईल. एच आवळला की डिरेलर आत सरकतो.

३. ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून मग एक-दोन फेरे बाहेर काढा. केबल हाताने ताठ ओढून बोल्ट आवळा. पकडीने जिवाच्या आकांताने ओढू नका.

४. पुढची चेन लहान चक्रावर घ्या. एका हाताने पेडल फिरवत दुसऱ्या हाताने डिरेलर आत ढकला आणि चेन सगळ्यात मोठ्या चक्रावर चढवा. वरची पुली त्या चक्राच्या बरोबर खाली यावी आणि कितीही ढकललं तरी आणखी आत जाऊ नये, इतका एल स्क्रू आवळा. कात्रजच्या घाटात मी चुकवलेला स्क्रू हाच. इथे दहा मिनिटं गेली तरी जाऊ देत.

५. चेन परत लहान चक्रावर आणा, पुढची मधल्या चक्रावर. एक टक. चेन दुसऱ्या चक्रावर चढली नाही तर ॲडजस्टर उलट, पाव-पाव फेरा. तिसऱ्यावर उडी मारली तर सुलट. दुसऱ्यावर बसल्यावर उलट फिरवत राहा, चेन तिसऱ्या चक्राला घासून किर्र वाजायला लागेल. आवाज थांबेपर्यंत मागे फिरवा. जुळलं.

६. सगळे गिअर दोन्ही दिशांनी फिरवा. सगळ्यात हलक्या गिअरला वरची पुली आणि मोठं चक्र यांत पाच-सहा मिलिमीटर फट हवी. पुली चक्राला घासत असेल तर हँगरजवळचा तिसरा स्क्रू आवळा. तो सगळ्या डिरेलरला नसतो.

नव्या केबलचा गिअर आठवडाभरात थोडा बिघडतोच. आउटरची टोकं आपापल्या जागी दाबून बसतात आणि केबल सैल पडते. आपण काही चुकलो असं समजू नका, ॲडजस्टर पाव-अर्धा फेरा फिरवा.

पुढचा डिरेलर

याच्या नादी कमीत कमी लागावं. चेन ज्या दोन पट्ट्यांमधून जाते त्या पिंजऱ्याची बाहेरची पट्टी मोठ्या चक्राला समांतर हवी आणि त्याच्या दातांपासून एक ते तीन मिलिमीटर वर हवी. हे दोन्ही बरोबर असेल तर उरलेलं काम केबलच्या ताणाचंच. त्याचाही ॲडजस्टर असतो, बहुतेक डाव्या शिफ्टरपाशी. चेन आतल्या बाजूला, फ्रेमवर पडत असेल तर त्याचा एल स्क्रू थोडा आवळा. बाहेर, पेडलकडे पडत असेल तर एच.

आणि पुढे मोठं, मागेही मोठं चक्र घेतल्यावर चेन घासते ही तक्रार नाही. तिथे चेन इतकी तिरकी जाते की घासणारच. पुढे लहान, मागेही लहान, हेही तसंच. दुकानात २१ गिअर म्हणून सांगतात, त्यातले हे टोकाचे जोड वापरायचे नसतात.

रस्त्यावर

स्टँडवर गोड चालणारा गिअर अंगाचं वजन पडल्यावर रुसतो, म्हणून छोट्या चढावर परीक्षा घ्या. सगळ्यात हलका गिअर मात्र पहिल्यांदा सपाटीवर, हळू, मागे नजर ठेवून टाका. चढावर गिअर बदलताना क्षणभर पायाचा जोर कमी करायचा, पेडल फिरतं ठेवून. उभं राहून जोर लावता लावता गिअर टाकला तर नवीकोरी सायकलही कडकड करेल.

५ ची ॲलन की आणि पेचकस सीटखालच्या पिशवीत ठेवा. घरापासून लांब केबल तुटली की स्प्रिंग चेनला सगळ्यात लहान चक्रावर नेऊन ठेवते, आणि त्या जड गिअरवर चढ चढवत नाही. तेव्हा पेडल हाताने फिरवत एच स्क्रू आवळत जायचं. चेन दुसऱ्या चक्रावर चढते, स्क्रू लांब असेल तर तिसऱ्यावरही. पुढची तीन चक्रं चालू असतातच, म्हणजे तीन गिअर हाताशी आले. तुटलेल्या केबलचं टोक गुंडाळून फ्रेमला बांधा, स्पोकमध्ये जाऊ देऊ नका. घरी पोचल्यावर नवी केबल टाकायच्या आधी एच स्क्रू परत होता तिथे आणा.